घरून काम की ऑफिस? कोल्हापुरातून विचारतोय

मंगळवार पेठ (धागाकर्ता)
मार्च 2020 मध्ये हिंजवडीतली खोली सोडून लॅपटॉप घेऊन घरी आलो, तो आजतागायत इथंच आहे. आता कंपनीचा मेल आलाय, पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले चार दिवस पुण्यात हजेरी. म्हणजे पुन्हा खोलीचं भाडं, पुन्हा मेस, आणि इकडं आई-बाबा दोघंच. संगणकावरचं काम यापुढं घरूनच व्हायला हवं आणि होणारच, असं माझं ठाम मत आहे. 2024 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतल्या 1,612 जणांचा. दोन दिवस घरून काम करू दिल्यावर नोकरी सोडणारे एक तृतीयांशानं घटले, कामाच्या मूल्यमापनात आणि बढतीत फरक पडला नाही. मग हा हट्ट कशासाठी?

राजारामपुरी
अभ्यास चांगलाय, पण तो तुमच्या बाजूचा नाही. उरलेले तीन दिवस ते लोक ऑफिसातच होते की! ॲमेझॉननं तर जानेवारी 2025 पासून पाचही दिवस बोलावलं.

उद्यमनगरकर
दादा, तुमची अडचण कळते, पण 'काम' म्हटलं की तुम्हाला फक्त लॅपटॉपच दिसतोय. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे. भट्टीतला लोखंडाचा रस 1,400 अंशांच्या वर असतो. ओतण्याआधी थोडा रस काढून चिल टेस्टचा, म्हणजे लोखंड कडक-ठिसूळ होणार का ते तपासायचा, तुकडा पाडायचा, गार करून हातोड्यानं मोडायचा आणि मोडलेल्या तोंडाशी पांढरा पट्टा किती खोल गेलाय ते बघायचं. पट्टा जास्त दिसला की हीट (त्या वेळचा भट्टीतला रस) थांबवून दुरुस्ती. हा निर्णय मिनिटांत घ्यावा लागतो, भट्टीजवळ उभं राहून. आमचा ड्रॉइंग करणारा पोरगा लॉकडाऊननंतर काही महिने घरून काम करत होता. ड्रॉइंग चोख असायचं, पण कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेलं भोक, कुठं येतंय हे त्याला कळत नव्हतं. शॉपवर आला, रिजेक्ट झालेला माल हातात घेऊन बघितला, आणि आठवड्यात त्यानं पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, बदलायला सांगितलं. लाखभर फोटो पाठवले असते तरी ते झालं नसतं.

नवीन भरती
मी 22 वर्षांची, पहिलीच नोकरी, सहा महिने घरून. दुपारी कोड अडला की चॅटवर विचारते. 'बघतो' असं उत्तर संध्याकाळी येतं. तोवर मी तीच ओळ पन्नास वेळा वाचलेली असते. शेजारी कुणी बसलेलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. सिनिअर लोकांना घरून काम सोपं जातं, कारण ते ऑफिसात बसून आधीच शिकलेत. आमच्या वाटणीला ते कधी येणार?

दोन पोरांची आई
@उद्यमनगरकर, भट्टी घरी आणा असं कुणी म्हणत नाही हो. पण हिशोबाचं, सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या बाईला विचारा. सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हा ऑफिसची सक्ती असती तर राजीनामा माझाच गेला असता, नवऱ्याचा नाही. सकाळी त्यांचा व्यायाम घेते, साडेनऊला लॉगिन करते. जुलै 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, पुण्याची वाट बंद. आमच्या भागात वीज टिकली, म्हणून माझं काम एक दिवसही थांबलं नाही. जी नोकरी माझ्या अडचणीच्या काळात टिकली, तिला मी कमी लेखणार नाही.

राजारामपुरी
ताई, तुमचं खरंय. पण सवलत म्हणून घरून काम वेगळं आणि सगळ्यांनी कायमच घरून करणं वेगळं. मला दुसरं होताना दिसत नाही.

मंगळवार पेठ (धागाकर्ता)
उद्यमनगरकर दादा, शॉपवरच्या कामाबद्दल तुमचं मान्य. माझा मुद्दा संगणकावरच्या कामापुरताच होता, तो मी सोडत नाही. पण 'नवीन भरती'चा प्रतिसाद दोनदा वाचला. मलाही पहिलं वर्ष शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं सांभाळलं होतं, आणि माझ्या टीमची नवी पोरगीही चॅटवर 'बघतो'चीच वाट बघत असणार. उद्यापासून रोज दुपारी तीन ते चार कॉल चालू ठेवून तिच्याबरोबर बसतोय. 'नवीन भरती', तुम्ही कोल्हापुरातच असाल तर शनिवारी लॅपटॉप घेऊन या, रंकाळ्याजवळ कुठंतरी बसू. तुमची ती ओळ बघतो.

नवीन भरती
शाहूपुरीत राहते. येते. सोबत मैत्रीण आणली तर चालेल ना? तिचंही असंच अडलंय.