मदत हवी आहे: ट्रेलर ओढताना घाटात इंजिन तापतं

२.५ लिटर डिझेल फोर बाय फोर, मागे ९०० किलोचा ट्रेलर. सपाटीवर ९० अंश. कसारा घाटात दुसऱ्या गिअरला, ताशी २५ च्या वेगात १०८. वेग ५० वर गेला की काटा खाली येतो, म्हणजे हवाच कमी पडतेय असं वाटतं. थर्मोस्टॅट नवा, कूलंट आणि पाणी ५०:५०, कूलंटच्या टाकीत बुडबुडे नाहीत. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवला तर भिंगरीसारखा फिरतो. व्हिस्कस कपलिंगमधलं (इंजिन तापलं की पंख्याला पकडून फिरवणारा जोड) सिलिकॉन तेल गळालं असावं, म्हणून पकड नाही. शिवाय बंपरवरची विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी) रेडिएटरच्या जाळीसमोरच आहे, हवा अडवते. (हीटर पूर्ण सोडला की ४-५ अंश उतरतात, पण मे महिन्यात कोण बसणार?)

आधी कपलिंग बदलू, की विंच खाली घेऊ? तेल पुन्हा भरून कपलिंग टिकतं का? कुणी भरलं असेल तर किती मिली?