पॅटनला धूळ नको, चिखल पाहिजे

पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईचा छोट्या मॉडेलांचा देखावा करताना त्यातला पॅटन (पाकिस्तानचा अमेरिकी बनावटीचा रणगाडा) वाळवंटासारखा धुळीनं माखवा, असा सल्ला एकानं दिलाय, ते काय पटत नाही बघा. सप्टेंबर १९६५, उभा ऊस, आणि आपल्या लोकांनी रानात पाणी सोडलेलं, त्यात ते रणगाडे रुतून बसले, मग धूळ कुठली हो? चिखलच पाहिजे आणि तोपण चाकांच्या मधल्या फटीत, पट्ट्यांवर, मडगार्डच्या खाली.

मी गाळलेली माती, फेविकॉल आणि थोडं पाणी असं कालवून जुन्या ब्रशनं ठोकत लावतो, वाळला की फिका दिसतो म्हणून ओल्या जागी वरनं चकचकीत वार्निश. पहिल्यांदा पंचगंगेकाठची काळी माती वापरली तर पंजाब राहिला बाजूला, शिरोळातलं रान वाटाय लागलं (बायको म्हणाली, कारखान्याचा ट्रॅक्टर काढायचा राहिला). पिवळसर भुरी माती घ्या.

आणि ऊस बुटका करू नका. पॅटन साधारण ३ मीटर उंच, म्हणजे १:३५ मध्ये (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मॉडेलात) साडेआठ-नऊ सेंटीमीटर, ऊसपण जवळपास तेवढाच पाहिजे, त्यात आपले सेंच्युरियन रणगाडे दडले होते. हिराच्या झाडूच्या काड्या घ्या, पेरांवर पेन्सिलीनं रेघा मारा, पाचट कागदाचं.