पाचट रानातच राहू द्या, प्रेसमड द्या गॅसला

दादा, पाचट, म्हणजे ऊस तोडल्यावर रानात उरणारा वाळका पाला, जाळण्यापेक्षा सगळंच बायोमिथेनच्या (शुद्ध केलेल्या बायोगॅसच्या) प्लांटला द्यावं, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. जाळू नयेच. पण पाचटात लिग्निन (झाडाला कडकपणा देणारा घटक) जास्त, आधी प्रक्रिया केल्याशिवाय जिवाणूंना ते लवकर पचत नाही. त्यापेक्षा खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात) सरीत दाबलं तर ओल टिकते, तणही कमी येतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, रायबागकडचा खरा कच्चा माल म्हणजे साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस साफ करताना उरणारा गाळ. 100 टन ऊस गाळला की साधारण 3-4 टन निघतो. उघड्यावरचा ढीग फावड्यानं उकरून बघा, आतून वाफ येते. गॅस व्हायचा माल तिथंच कुजून जातोय! तो ताजा असतानाच डायजेस्टरला (गॅस तयार होतो त्या बंद टाकीला) गेला पाहिजे. अडचण हंगामाची आहे. गाळप चार-पाच महिने आणि प्लांट वर्षभर, म्हणून शेण आणि मंडईतल्या भाजीपाल्याच्या कचऱ्याची सोय आधीच बघावी लागते.

कच्च्या बायोगॅसमध्ये मिथेन साधारण 55-60 टक्के असतो. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून तो 90 च्या वर नेला की सीएनजीच्या गाडीत चालतो.

आणि प्लांटशी करार करताना गॅस निघाल्यावर उरणारी स्लरी शेतकऱ्याला कुठल्या दरानं परत मिळणार, हे लिहून घ्या. नत्र, स्फुरद, पालाश सगळं तिच्यातच उरतं.