ब्रिजमध्ये 'रिव्हर्स' बोली म्हणजे नेमकं काय?

प्रश्न:
१ चौकट – १ इस्पिक – २ बदाम (ओपनर म्हणजे पहिली बोली लावणारा, मग पार्टनर, मग पुन्हा ओपनर), विरोधक पास. ओपनरकडची पानं अशी: इस्पिक राणी-३, बदाम राजा-गुलाम-७-४, चौकट एक्का-राजा-८-५-२, किलवर ६-३. दोन्ही सूट (रंग) खरे आहेत, तरी १३ पॉइंटांवर (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) २ बदाम चूक का? १ बदाम – १ इस्पिक – २ चौकट मात्र एवढ्याच ताकदीवर चालतं.

उत्तर १:
सुटांचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक. ओपनरने दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा वरचा सूट दोनच्या पातळीवर म्हटला, की ते रिव्हर्स. पार्टनरला पहिल्या सुटावर परतायला किती वर चढावं लागतं ते बघा. तुमच्या दुसऱ्या उदाहरणात तो २ बदामवर थांबतो, आठ हात (६ + २) पुरतात. पहिल्यात त्याला ३ चौकट म्हणावं लागतं, म्हणजे नऊ हात. त्याच्याकडे ६ पॉइंट असतील तर १३ + ६ = १९. तेवढ्यावर नऊ हात सहसा होत नाहीत. म्हणून रिव्हर्सला साधारण १७ पॉइंट हवेत, पानांची मांडणी चांगली असेल तर १६. शिवाय पहिला सूट दुसऱ्यापेक्षा लांबच असला पाहिजे: ५-४, ६-४, ६-५. चार-चारवर रिव्हर्स कधीच नाही.

उत्तर २:
या पानांवर १ नो-ट्रम्प (हुकूम नसलेला डाव) म्हणा. इस्पिक एकच असतं तर २ चौकट. बदाम हरवतील अशी भीती असते, पण ती फारशी खरी नाही. पार्टनरकडे चार इस्पिक आणि चार बदाम असते तर त्याने आधी १ बदामच म्हटलं असतं. पाच इस्पिक-चार बदाम आणि ताकद असेल तर पुढे बदाम तो स्वतः दाखवेल. नुकसान होतं ते फक्त त्याची पानं कमजोर असताना.

प्रश्नकर्ता:
पटलं. मग १ किलवर – १ बदाम – १ इस्पिक हेही रिव्हर्स का? आणि ६ पॉइंटवाल्याने रिव्हर्सवर पास करायचं का?

उत्तर ३:
नाही, ती एकच्याच पातळीवरची बोली आहे, १२ पॉइंटांवरही चालते.

पास तर मुळीच नको, रिव्हर्स एका फेरीसाठी फोर्सिंग असतं. पाच इस्पिक असतील तर २ इस्पिक. नसतील आणि पानं हलकी असतील तर बऱ्याच जोड्या 'लेबेनसोल' वापरतात: २ नो-ट्रम्प म्हणजे 'हलका आहे, ३ किलवर म्हण', मग पास किंवा ३ चौकट. अशा वेळी थेट ३ चौकट गेम-फोर्सिंग (गेमपर्यंत कुणी थांबायचं नाही) ठरतं. हे आधी ठरलेलं नसेल तर एकजण २ नो-ट्रम्प खरं समजून ३ नो-ट्रम्पवर जातो आणि डाव बुडतो. १ चौकट – २ किलवर – २ बदाम या क्रमात जादा ताकद लागते की नाही, यावर जोड्याजोड्यांत फरक असतो, तेही खेळायला बसण्याआधी विचारून घ्या.