दुसरा वस्तरा मागवण्याआधी

इथे एकांनी लिहिलंय की दाढीसाठी जर्मनीतल्या सोलिंगेनचा जुना वस्तरा घेतला, पण तो केस कापायच्या ऐवजी ओढतो, म्हणून आता दुसरा मागवतोय. थांबा हो! वस्तऱ्याने दाढी करायच्या या वेडात सगळे इथेच घसरतात. मग ब्रश, मग तऱ्हेतऱ्हेचे साबण, आणि बाथरूममधली फळी भरली की घरचे बोलायला लागतात.

आधी धारेचं बघा. वस्तरा चाकूसारखा तिरका धरून घासायचा नसतो. पातं निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, सपाट टेकवायचं; धार आणि पाठ (धारेविरुद्धची जाड कड) दोन्ही दगडाला लागली पाहिजेत. कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो, म्हणून पाठ झिजलेला माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. दगडावर धार पुढे, चामड्याच्या पट्ट्यावर मात्र पाठ पुढे, आणि टोकाला आल्यावर पाठीवरूनच पलटायचा. उलटं केलंत की पट्टा चिरलाच म्हणून समजा. जोर अजिबात नको.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. सुरुवातीला ५/८ किंवा ६/८ बरा. इंग्लंडातल्या शेफिल्डचे जुने, पाचरीसारखे जाड वस्तरे देखणे खरे, पण धार लावताना जीव काढतात.

कार्बन स्टील आपल्या पावसाळ्यात बघता बघता गंजतं. कोरडा पुसून, तेलाचा हात फिरवून कपाटात ठेवा.

आणि सलूनमध्ये धार लावून मिळेल या भरवशावर राहू नका. तिथे हल्ली बहुतेक ठिकाणी अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा असतो, धोकटीतला निसणा कधीच गेला.