एकच भांडं, चौघांचे हात

पुष्परचना एकट्यानं, शांतपणे करायची गोष्ट आहे, चारजण जमले की नुसत्या गप्पा होतात, असं काहींचं मत असतं. मला ते अर्धंच पटतं. इकेबानाच्या (जपानी पुष्परचनेच्या) सोगेत्सु परंपरेत (स्थापना १९२७) 'रेन्का' नावाचा प्रकार आहे, तो या परंपरेचे एक प्रमुख हिरोशी तेशिगाहारा यांनी रुजवला. एकानं रचना केली की दुसरा तिला जोडून आपली करतो, मग तिसरा. आधीच्यानं काय केलंय ते नीट पाहिल्याशिवाय पुढचं सुचतच नाही. गप्पा मग आपोआप थांबतात, कुणाला 'शांत बसा' म्हणावं लागत नाही.

घरच्या घरी याचं सोपं रूप करता येतं. उथळ भांडं, तळाशी केन्झान (खिळ्यांची जड बैठक) आणि पाळीपाळीनं प्रत्येकाची एकच काडी. आधीच्याची काडी हलवायची नाही हा नियम मात्र कडक ठेवा, नाहीतर एखादा उत्साही गडी सगळ्यांचं 'सुधारत' बसतो. असा एक प्रत्येक गटात असतोच!

लावण्याआधी फांदी हातात सावकाश फिरवा. पानं उजेडाकडे वळलेली असतात, ती बाजू सापडली की फांदी कशी लावायची ते कळतं. देठ पाण्याखाली धरून तिरका कापा, म्हणजे हवा आत शिरत नाही आणि फूल जास्त टिकतं. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. कात्री सगळ्यांत मिळून एक पुरते, पण धारदार हवी. बोथट कात्रीनं देठ चेचला जातो.