चव न चाखता पाककला स्पर्धेचा निकाल प्रेक्षकाने कशाच्या आधारे मान्य करावा?

रसग्राही

नमस्कार. दूरचित्रवाणीवरील पाककला स्पर्धांची मी जुनी आणि निष्ठावान प्रेक्षक आहे, म्हणूनच मनात बरेच दिवस घोळणारी एक शंका येथे मांडते आहे. गायनाच्या स्पर्धेत परीक्षकांचा कौल पटला नाही, तरी गाणे आपण स्वतः ऐकलेले असते आणि त्या बळावर वाद घालता येतो. पाककला स्पर्धेत मात्र ज्या चवीवर सगळा निकाल अवलंबून असतो ती आपल्यापर्यंत कधीच पोहोचत नाही. पडद्यावर दिसतो तो घास घेणाऱ्याचा चेहरा आणि ऐकू येतात ती त्याची दोन-चार विशेषणे. म्हणजे आपण पदार्थाची पारख न करता, परीक्षकाच्या नावलौकिकावर विसंबून निकाल मान्य करत असतो.

हा नावलौकिकच डळमळीत व्हावा अशा घटना अलीकडे घडल्या आहेत. ब्रिटनच्या ‘मास्टरशेफ’चे परीक्षक ग्रेग वॉलेस यांच्या वर्तनाविषयी झालेल्या चौकशीचा अहवाल जुलै २०२५मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांच्यावरील ८३ आरोपांपैकी ४५ आरोपांत तथ्य आढळल्याचे त्यात नमूद झाले. त्याच महिन्यात त्यांचे सहकारी जॉन टोरोड यांनाही कार्यक्रमातून दूर करण्यात आले. ऑस्ट्रेलियातील ‘मास्टरशेफ’चे एक मूळ परीक्षक जॉर्ज कॅलोम्बारिस यांच्या रेस्टॉरंट समूहाने कर्मचाऱ्यांचे सुमारे ७८ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर इतके वेतन थकवल्याचे प्रकरण २०१९मध्ये गाजले होते.

तेव्हा माझे म्हणणे असे, की केवळ पाहून पदार्थाविषयी काही खात्रीने सांगता येते का? आणि ज्या परीक्षकाविषयी मनातला आदर उरला नाही, त्याने दिलेल्या निकालाचे काय करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

आचारी

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकेन, कारण माझे पोट याच कामावर चालते. चव पडद्यातून बाहेर येत नाही हे खरे, पण चव बिघडण्याची किंवा साधण्याची कारणे बहुतेक वेळा कॅमेऱ्यासमोरच घडत असतात. आपण परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहता, त्याऐवजी स्पर्धकाच्या हातांकडे पाहावे, असे मी सुचवेन.

एखादा स्पर्धक मांसाचे तुकडे तव्यात दाटीवाटीने घालतो, तेव्हा तव्याचे तापमान झपाट्याने उतरते आणि तुकड्यांना सुटलेले पाणी वाफ होऊन निघून जायला जागा मिळत नाही. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर त्याचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नाही, आणि ज्या खरपूस रंगासाठी व गंधासाठी आपण मांस परततो ती प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे खरा वेग घेते. अशा तव्यातून निघालेला तुकडा करडा दिसतो, तो भाजला जाण्याऐवजी उकडला गेलेला असतो, आणि परीक्षकाने तोंड उघडण्यापूर्वीच आपल्याला त्याचे मत ठाऊक झालेले असते. तव्याचा आवाजसुद्धा ऐकावा. पदार्थ टाकल्यावर येणारा चर्र आवाज थोड्याच वेळात मंद पडून बुडबुडल्यासारखा झाला, तर पाणी साचले आहे असे समजावे.

मिठाचेही तसेच आहे. सॉस पातळ असताना त्यात बेताचे मीठ घातले आणि मग तो निम्मा होईपर्यंत आटवला, तर पाणी उडून जाते पण मीठ तेवढेच राहते, आणि पहिल्या घोटाला योग्य वाटलेला सॉस शेवटी खारट होतो. म्हणून अनुभवी माणूस शेवटचे मीठ सॉस आटल्यावर घालतो आणि घालण्यापूर्वी चाखतो. स्पर्धकाने स्वच्छ चमचा हाती घेऊन किती वेळा आणि कोणत्या टप्प्यावर चाखले, हे मी बारकाईने पाहतो. घड्याळाकडे पाहत धावपळ करणारा आणि शेवटच्या दहा मिनिटांत एकदाही न चाखणारा स्पर्धक बहुधा मिठामुळे किंवा आंबटपणामुळे अडचणीत येतो, असा माझा अनुभव आहे. भाजलेले मांस लगेच कापले की त्याचा रस ताटलीभर पसरतो, तो तर कोणालाही दिसतो.

हे सगळे पाहिल्यावरही पदार्थ किती चांगला झाला हे आपल्याला कळणार नाही, हे मान्य करायला हवे. तो कोठे चुकला एवढे मात्र कळते, आणि अनेक भागांचा निकाल चुकांवरच लागतो.

पडद्यामागे

आचारी यांचा प्रतिसाद आवडला. मी त्यात स्पर्धेच्या रचनेची बाजू जोडतो, कारण परीक्षक कितीही प्रामाणिक असला, तरी त्याला कोणत्या परिस्थितीत निकाल द्यावा लागतो यावर बरेच काही अवलंबून असते.

पूर्ण मांडलेल्या ताटलीचे आकर्षक चित्रण होईपर्यंत वेळ जातो आणि पदार्थ कोमट, कधी पूर्ण थंड होतो. त्यामुळे अशा कार्यक्रमांत स्वयंपाक चालू असतानाच परीक्षक फिरून गरम पदार्थ चाखून जातात, ही जुनी पद्धत आहे. शेवटी मेजासमोर जो घास आपण पाहतो तो निकालाचा एकमेव आधार असतोच असे नाही. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही, परंतु प्रेक्षकाला ते स्पष्ट सांगितले जात नाही, याचे वाईट वाटते.

अमेरिकेतील ‘टॉप शेफ’ची श्रेयनामावली कधी शेवटपर्यंत वाचून पाहावी. विजेता ठरवण्याचे आणि स्पर्धकाला बाद करण्याचे निर्णय परीक्षकांनी निर्मात्यांशी सल्लामसलत करून घेतले, आणि बाद करण्याच्या काही निर्णयांची चर्चा वाहिनीशीही झाली, अशा आशयाची सूचना तेथे क्षणभर झळकत असे. ती इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या वेगाने सरकते, की वाचायची तर चित्र थांबवावे लागते. निर्मात्यांना सल्ल्याचा अधिकार असेल तर ‘चव’ हा एकच निकष उरत नाही. कोण पडद्यावर टिकून राहिला तर कार्यक्रम रंगेल, हा विचार मागील दाराने आत येण्याची शक्यता निर्माण होते. मी शक्यता म्हणतो आहे, आरोप करत नाही.

याउलट ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ या २०१०मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातील दुसरी फेरी पाहावी. सर्वांना एकच पदार्थ आणि मुद्दाम अपुरी ठेवलेली कृती देतात, तयार पदार्थ एका रांगेत मांडतात, आणि कोणता कोणाचा हे ठाऊक नसताना परीक्षक तो चाखून शेवटच्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत क्रम लावतात. स्पर्धकांची छायाचित्रे पदार्थांसमोर ठेवलेली असतात, पण त्यांची पाठ परीक्षकांकडे असते. एवढ्या साध्या योजनेने निकालाचे वजन किती वाढते! माझ्या मते प्रत्येक पाककला स्पर्धेत निदान एक फेरी अशी असायलाच हवी.

याच कार्यक्रमात २०१४मध्ये जे घडले ते मात्र संकलनाच्या सामर्थ्याचे उदाहरण आहे. एका स्पर्धकाचे आइस्क्रीम शीतपेटीबाहेर राहिले, ते वितळले, आणि संतापाच्या भरात त्याने सारा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला. आइस्क्रीम बाहेर काढणाऱ्या दुसऱ्या स्पर्धकावर प्रेक्षक तुटून पडले, शेकडो तक्रारी गेल्या. ते जेमतेम ४० सेकंद बाहेर होते असे नंतर सूत्रसंचालिकेने सांगितले, तरी पडद्यावर तो काळ कितीतरी लांब भासला होता. चव दूरच राहिली. जे डोळ्यांनी पाहिले तेसुद्धा जसेच्या तसे नव्हते.

कौल

वरील दोन्ही प्रतिसादांत एक गृहीतक आहे, आणि ते मला मान्य नाही. परीक्षक निःपक्षपाती असला आणि रचना निर्दोष असली की निकाल योग्य ठरतो, असे आपण धरून चाललो आहोत. पण परीक्षकाला तो पदार्थच ठाऊक नसेल तर?

२०१८मध्ये ब्रिटनच्या ‘मास्टरशेफ’मध्ये मलेशियात जन्मलेल्या एका स्पर्धक महिलेने कोंबडीचे रेंडांग केले. कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही, असा आक्षेप परीक्षकांनी घेतला आणि त्या बाद झाल्या. रेंडांग हा मंद आचेवर, नारळाच्या दुधात आणि वाटलेल्या मसाल्यात मांस दीर्घकाळ शिजवण्याचा प्रकार आहे. त्यात कातडी कुरकुरीत राहावी ही अपेक्षाच पदार्थाच्या स्वभावाविरुद्ध आहे. मलेशिया आणि इंडोनेशिया या दोन्ही देशांत त्यावर संतापाची लाट उसळली आणि मलेशियाच्या तत्कालीन पंतप्रधानांनीही त्यात आपले मत नोंदवले. मांस पुरेसे शिजले नव्हते असे आपल्याला म्हणायचे होते, असा खुलासा वॉलेस यांनी पुढे केला; तो खरा मानला तरी मूळ शेरा एका विशिष्ट परंपरेची मोजपट्टी दुसऱ्या परंपरेला लावल्यासारखा होता.

नाव झाकून पदार्थ चाखल्याने हा दोष जात नाही. उलट, पदार्थ कोणाचा आणि कोणत्या घडणीतला हे कळलेच नाही तर तो अधिक बळावण्याची भीती आहे. त्या त्या पाकपरंपरेचा जाणकार पाहुणा परीक्षक म्हणून बोलावणे हाच मला दिसणारा उपाय आहे.

रसग्राही

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, याबद्दल आभार. कौल यांचा मुद्दा मला विशेष पटला, कारण तो परीक्षकाच्या हेतूवर संशय न घेताही निकालाला प्रश्न विचारतो. आता कृपया कोणीतरी माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळावे. कर्तृत्ववान शेफ म्हटला की तो रागीट, शिवराळ असायचाच, असे आपण प्रेक्षक फार काळ गृहीत धरत आलो, आणि त्या रागाला मनोरंजनही मानत आलो. त्याचे काय?

साधी आच

या प्रश्नावर मी ठामपणे लिहिणार आहे. आरडाओरडा ही उत्तम स्वयंपाकाची अट नाही, आणि त्याचा पुरावा दूरचित्रवाणीनेच दिला आहे. प्रसिद्ध ब्रिटिश शेफ गॉर्डन रॅमझी यांच्या लंडनमधील चेल्सीतील रेस्टॉरंटला २००१पासून तीन मिशेलिन तारे, म्हणजे त्या मानांकनातील सर्वोच्च दर्जा आहे, त्यामुळे त्यांच्या कसबाविषयी वाद नाही. अमेरिकेतील ‘हेल्स किचन’मध्ये २००५पासून ते प्रौढ स्पर्धकांवर ज्या भाषेत तुटून पडतात ती सर्वांनी ऐकली आहे. तेच गृहस्थ २०१३मध्ये सुरू झालेल्या ‘मास्टरशेफ ज्युनिअर’मध्ये मुलांच्या उंचीवर वाकून, शांत आवाजात, चूक नेमकी कोठे झाली ते समजावून सांगतात, आणि तेथेही चूक ही चूकच राहते, निकष सैल होत नाही. याचा अर्थ राग अनावर नसतो, तो कार्यक्रमाच्या गरजेनुसार निवडलेला असतो. मग प्रौढ शिकाऊ माणसाशी तसे का बोलता येऊ नये?

हे मी तळमळीने लिहीत आहे, कारण पडद्यावरची ही तऱ्हा पडद्यावर थांबत नाही. स्वयंपाकघरात नव्याने लागलेले तरुण हे कार्यक्रम पाहत मोठे झालेले असतात. माझ्या पहिल्या नोकरीतील मुख्य आचारी कढई आपटून बोलत असे आणि आम्ही ते सहन करत होतो, कारण मोठा शेफ असाच असतो अशी आमची समजूत होती. शिव्या खाऊन माझा हात सुधारला नाही. सुधारला तो एका ज्येष्ठ सहकारी बाईंमुळे, ज्यांनी सुरी धरलेले माझे बोट हलकेच सरकवून पात्याच्या मुळाशी नेऊन ठेवले.

वेतनाच्या प्रकरणाबाबत तर माझ्या मनात शंकाच नाही. पैसे चुकते करणे ही कायद्याने बांधून दिलेली किमान गोष्ट आहे, आणि जो पडद्यावर इतरांच्या कष्टांना गुण देतो त्याच्याकडून ती सर्वांत आधी अपेक्षित आहे.

तरीही जुने निकाल रद्दबातल समजावेत असे मी म्हणणार नाही. वॉलेस आणि टोरोड यांच्यासह आधीच चित्रित झालेली मालिका ऑगस्ट २०२५मध्ये बीबीसीने दाखवली, तेव्हा ‘ही दाखवायलाच नको होती’ असे पुष्कळांचे मत होते. एका स्पर्धक महिलेने तसे सांगून आपल्या सहभागास नकार दिला आणि तिला संकलनात वगळण्यात आले. तिच्या निर्णयाबद्दल मला अत्यंत आदर आहे. त्याच वेळी, बाकीच्या स्पर्धकांनी नोकरीतून वेळ काढून, घरी सराव करून जे मिळवले, ते दुसऱ्याच्या वर्तनापायी कपाटात बंद व्हावे, हेही मला न्याय्य वाटत नाही. वगळली गेली ती मात्र तक्रार मांडणारी, आणि पडद्यावर राहिले ते दोघे परीक्षक. त्या मालिकेतील हीच गोष्ट मला सर्वांत खटकली.

पडद्यामागे

साधी आच यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. परीक्षकांचे भाग कमीत कमी ठेवून, स्पर्धकांना अधिक वेळ देऊन ती मालिका पुन्हा संकलित करता आली असती. संकलनाने ४० सेकंदांची मिनिटे करता येतात, तर परीक्षकांची मिनिटे कमी करणेही अशक्य नव्हते. त्यानंतरच्या मालिकेसाठी अ‍ॅना हॉ आणि ग्रेस डेंट यांची निवड झाली आहे. एक कसलेली शेफ, दुसरी खाद्यसमीक्षक. या जोडीने एखादी तरी फेरी नाव झाकून घ्यावी, आणि कौल यांनी सुचवल्याप्रमाणे त्या त्या पाकपरंपरेचा जाणकारही सोबत बसवावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.